मॅगझिन भरलंय, तरी चेंबर रिकामं: सेमी-ऑटोमॅटिक बारा बोअर भरताना वारंवार येणारी अडचण

सेमी-ऑटोमॅटिक बारा बोअर म्हणजे बार उडाला की पुढचं काडतूस आपोआप आणणारी छर्‍यांची बंदूक. तिची तक्रार बहुतेक वेळा त्याच त्या शब्दांत येते. खालून चार काडतुसं भरली, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) ओढून सोडला, चाप दाबला आणि नुसतं ‘टक्’ झालं. काडतुसं मॅगझिनमध्ये, म्हणजे साठवणीच्या जागेत तशीच, आणि चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस उडायची जागा, रिकामं. दुसरी तक्रार याच्या उलट: बंदूक रिकामी केली असं वाटलं, आणि बोल्ट ओढल्यावर आतून एक काडतूस बाहेर पडलं. पहिलीत वेळ जातो, दुसरीत जीव जाऊ शकतो. दोन्हींचं मूळ एकच आहे. हाताला दुसऱ्याच शस्त्राची सवय लागलेली असते.

बेळगाव भागात ही सवय दोन जागांहून येते. एक, फौजेतून. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथेच असल्यामुळे रायफल हाताळलेली माणसं गावोगाव आहेत. रायफलीत भरलेलं मॅगझिन खालून बसवायचं, कॉकिंग हँडल मागे ओढून सोडायचं, की राउंड चेंबरमध्ये गेलाच. दोन, शेतातून. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घरात असलेली बंदूक म्हणजे एक नळी किंवा दोन नळी. ती बिजागरीवर मोडून उघडली की नळीतून आरपार उजेड दिसतो. भरली की रिकामी, याचा निकाल डोळाच देतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये यांतलं काहीच लागू होत नाही. मॅगझिन ही नळीखालची दुसरी नळी असते, काडतुसं एकामागे एक आडवी झोपलेली असतात, आणि चेंबर बोल्टनं झाकलेलं असतं.

आत काय होतं ते आधी समजून घ्या

मॅगझिनच्या नळीत स्प्रिंग आणि तिच्या तोंडाशी फॉलोअर (प्लॅस्टिकची किंवा धातूची टोपी) असते. स्प्रिंग काडतुसांना सतत मागे, म्हणजे तुमच्या खांद्याकडे ढकलत असते. ती बाहेर सांडू नयेत म्हणून नळीच्या तोंडाशी अडणी असते, तिला कार्ट्रिज स्टॉप म्हणतात. ती काडतुसाच्या पितळी बुडाची कडा धरून ठेवते. अडणी सरकली की एकच काडतूस मागे येऊन लिफ्टरवर पडतं. लिफ्टर म्हणजे खालची उचलपट्टी. बोल्ट पुढे निघाला की लिफ्टर काडतुसाला वर उचलतो आणि बोल्ट त्याला चेंबरमध्ये रेटतो.

सगळा प्रश्न अडणी केव्हा सरकते याचा आहे. पुष्कळ मॉडेलांत हातानं बोल्ट ओढल्यानं ती सरकत नाही. बेनेलीच्या एम-2 जातीच्या बंदुकीत घोडा पडला, म्हणजे बार उडाला, की अडणी काडतूस सोडते. किंवा चापाच्या कड्यापुढचा छोटा खटका हातानं दाबला तर सोडते. नुसता बोल्ट ओढला तर चेंबरमधलं काडतूस तेवढं बाहेर फेकलं जातं आणि मॅगझिन जागचं हलत नाही. हा दोष नाही, सोय आहे: मॅगझिनला हात न लावता चेंबरमधलं काडतूस बदलता यावं म्हणून तशी रचना केली आहे. फौजी सवयीचा हात मात्र इथे हमखास फसतो.

भरण्याचा क्रम, जो चुकत नाही

पहिलं काडतूस मॅगझिनमधून आणायचंच नाही. ते थेट बाजूच्या खिडकीतून (उडालेलं टोपण जिथून बाहेर पडतं तिथून) चेंबरमध्ये द्यायचं. बहुतेक सगळ्या मॉडेलांना हा क्रम चालतो आणि वरची तक्रार मुळातच उरत नाही.

नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, सेफ्टी लावलेली, बोट चापाच्या कड्याबाहेर सरळ. बोल्टचं हँडल पूर्ण मागे ओढा, ‘खट्’ असा अडकेपर्यंत. मॅगझिन रिकामं असेल तर बहुतेक बंदुकांत बोल्ट आपोआप मागे अडकून राहतो. काहींमध्ये चापाच्या कड्यापुढचा तोच खटका दाबून मग ओढावा लागतो. बोल्ट अडकत नसेल तर जोर लावू नका, खटका शोधा.

आता खिडकीतून एक काडतूस टाका. पितळी बूड दस्त्याकडे, दुमडलेलं तोंड नळीकडे. सांगायला साधी गोष्ट वाटते, पण घाईत उलटं पडलेलं काडतूस लिफ्टरवर असं बसतं की काढायला पाच मिनिटं जातात. मग बोल्ट सोडायचं बटण दाबा. ते काहींना बाजूला असतं, रेमिंग्टन 1100 मध्ये लिफ्टरमध्येच खालून असतं. बटण दाबताना दुसरा हात खिडकीपासून लांब ठेवा. बोल्ट झणझणीत आवाजानं पुढे जायला हवा.

इथे एक कळकळीची सूचना. बोल्टचं हँडल हातात धरून हळूहळू पुढे नेऊ नका. ‘आवाज नको’, ‘मशीनला धक्का नको’ म्हणून बरेच जण असं करतात. पुष्कळ बंदुकांत बोल्टचं डोकं शेवटच्या टप्प्यावर फिरून नळीच्या खाचेत बसतं. हळू नेलं तर ते अर्धवट राहतं. बंदूक बंद दिसते, पण चाप दाबला की नुसतं ‘टक्’. इनर्शियावर, म्हणजे बाराच्या धक्क्यावर चालणाऱ्या बंदुकांत हे फार होतं, आणि दस्ता जमिनीवर आपटला तरीही होतं. बोल्ट पूर्ण मागे नेऊन मोकळा सोडणं हाच त्यावर उपाय.

चेंबर भरलं की बंदूक उलटी करा, तोंड अजूनही त्याच दिशेला. काडतुसाच्या टोकानं लिफ्टर आत दाबा (काही मॉडेलांत आधी लिफ्टरचं बटण दाबावं लागतं, नाहीतर तो दगडासारखा घट्ट राहतो) आणि काडतूस मॅगझिनच्या नळीत सरकवा. अंगठ्यानं शेवटपर्यंत ढकला. ‘टिक्’ असा बारीक आवाज येतो, बोटालाही कळतो. तो अडणीचा आवाज आहे. तो आला नाही तर काडतूस आत गेलेलं नाही.

काडतूस परत बाहेर येतं

अंगठा ‘टिक्’च्या अर्धा सेंटिमीटर आधी थांबतो, हेच कारण. लिफ्टर अंगठ्याला चिमटा काढतो, त्या भीतीनं हात आधीच मागे येतो. अंगठ्याचं नख लिफ्टरकडे न ठेवता अंगठा थोडा तिरका, पेरावर जोर देऊन ढकला. हिवाळ्यात पातळ हातमोजे घातले तरी चालतात, जाड नकोत.

अर्धवट राहिलेलं काडतूस मागे येऊन लिफ्टरच्या खाली शिरलं तर मात्र सगळी यंत्रणा बांधली जाते. बोल्ट मागे जात नाही, लिफ्टर वर जात नाही, आणि माणूस बोल्टवर जोर लावत बसतो. जोर लावू नका. सेफ्टी लावलेली आहे हे पुन्हा पाहा, बंदूक उलटी करा, लिफ्टर बोटानं जेवढा हलेल तेवढा दाबून धरा आणि काडतुसाच्या बुडाला पुढे, मॅगझिनच्या दिशेनं ढकला, अडणीपलीकडे जाईपर्यंत. एकदा ते ‘टिक्’ झालं की बाकीचं मोकळं होतं. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकू नका. बुडाच्या मधोमध प्रायमर (ठोक्यानं पेटणारी टोपी) असतो, आणि त्याला टोकदार वस्तूचा दाब म्हणजे पिनेचाच ठोका.

चारऐवजी दोनच मावतात

स्प्रिंग तुटली असं समजून बंदूक दुकानात नेणारे बरेच असतात. आधी मॅगझिनचं पुढचं झाकण उघडून पाहा. आत लाकडी किंवा प्लॅस्टिकची कांडी असेल. ती क्षमता कमी करण्यासाठी कारखान्यातूनच घातलेली असते, म्हणून दोनच बसतात. नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही सेमी-ऑटोमॅटिकच्या मॅगझिनमध्ये एकाहून जास्त काडतूस बसू नये अशी अडवणूक असावी लागते. झाकण काढताना त्यावर हात दाबून धरा आणि आपला चेहरा बाजूला ठेवा, कारण स्प्रिंग दाबलेली असते.

कांडी नसेल तर मग मातीचा संशय घ्या. आपल्याकडची जांभ्याची तांबडी धूळ पिठासारखी बारीक असते. मॅगझिनच्या नळीत तेल जास्त असेल तर ती धूळ तिथे चिकटून लुकण बनते आणि फॉलोअर मध्येच अडकतो. खूण अशी: पहिली दोन काडतुसं सहज जातात, तिसरं जोर मागतं, आणि रिकामं करताना शेवटचं काडतूस नळीतच राहून जातं. हे शेवटचं लक्षण फार वाईट, कारण मॅगझिन रिकामं झालं असं वाटतं.

खोबरेल तेलाचा इथे सर्रास वापर होतो. दाराच्या बिजागरीला ठीक आहे, बंदुकीला नाही. थंडीत ते गोठतं, उन्हाळ्यात वास धरून चिकट होतं. मॅगझिनच्या नळीला आतून तेल लागतच नाही म्हटलं तरी चालेल: कापड बांधलेल्या सळईनं कोरडी पुसा, मग बंदुकीच्या तेलाचा एक थेंब कापडावर घेऊन तेवढाच हात फिरवा. जास्तीचं तेल काडतुसाच्या बुडाशी मुरतं, प्रायमरमध्ये उतरतं, आणि ऐन वेळी बार फुसका जातो.

निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक बरेचदा जमा करावी लागते आणि आठवडेच्या आठवडे कपाटात पडून परत येते. परत आल्यावर आधी मॅगझिनचं झाकण उघडा. नळी बाहेरून चकचकीत असली तरी स्प्रिंग गंजलेली असते.

काडतूस चेंबरच्या तोंडाशी अडतं

आता काडतुसाकडे वळू (कानडीत याला तोटा म्हणतात, दुकानात दोन्ही शब्द चालतात). जून ते सप्टेंबर कणकुंबी, आमटे, जांबोटीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको की कागदी काडतूस फुगतं. प्लॅस्टिकचं फुगत नाही, पण त्याचं बूड गंजतं. बऱ्याच काडतुसांचं बूड खरं पितळेचं नसून मुलामा दिलेल्या पोलादाचं असतं. चामड्याच्या पट्ट्यात काडतुसं खोचून खुंटीला टांगली की पितळ हिरवं पडतं, ताकानं भांडं कळकतं तसं. असं काडतूस चेंबरमध्ये तीन चतुर्थांश जातं आणि थांबतं. बोल्ट बंद होत नाही, किंवा बंद होतो आणि उडाल्यावर पोकळ टोपण बाहेर येत नाही.

तपासणी सोपी आहे. सेमी-ऑटोमॅटिकची नळी बाकीच्या बंदुकीपासून वेगळी निघते. नळी काढा, उभी धरा, आणि शंका असलेलं काडतूस चेंबरमध्ये नुसतं सोडा. ते स्वतःच्या वजनानं ‘टप्’ असं बुडाच्या कडेपर्यंत बसायला हवं आणि उलटं केलं की निसटून पडायला हवं. चार नवी काडतुसं पडली आणि जुनी अडली तर दोष काडतुसाचा. सगळीच अडली तर चेंबर गंजलं आहे किंवा प्लॅस्टिकचा थर जमला आहे. चेंबरचा ब्रश आणि सॉल्व्हंट वापरा. सँडपेपर कधीच नको.

काडतुसं झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, पट्ट्यात नाही.

लांबी आणि बोअर: इथे चूक परवडत नाही

नळीवर चेंबरची लांबी कोरलेली असते: बहुधा 65, 70 किंवा 76 मिलिमीटर. ही लांबी भरलेल्या काडतुसाची नसून उडाल्यानंतर तोंड उघडलेल्या काडतुसाची असते. म्हणूनच 76 चं काडतूस 70 च्या चेंबरमध्ये सहज बसतं, आणि ‘बसलं म्हणजे चालतं’ हा समज होतो. उडाल्यावर तोंड उलगडायला जागा मिळत नाही, ते पुढच्या निमुळत्या भागात घुसतं, वाट अरुंद होते आणि दाब भलताच वाढतो. जुन्या विलायती दोन-नळ्या पुष्कळदा 65 च्या असतात. घरात एक दोन-नळी आणि एक सेमी-ऑटो असेल तर काडतुसांचे डबे वेगळे ठेवा. उलट बाजूनं, 70 च्या सेमी-ऑटोत 65 चं काडतूस धोकादायक नाही, पण आखूड असल्यानं लिफ्टरवर नीट बसत नाही आणि वाकडं वर येतं. ‘माझी बंदूक दर तिसऱ्या बाराला अडते’ या तक्रारीत डबा पाहिल्यावर बरेचदा 65 निघतं.

याहून वाईट म्हणजे वीस बोअरचं काडतूस बारा बोअरमध्ये जाणं. ते चेंबरमधून घसरून पुढे नळीत अडकतं. वरून चेंबर रिकामं दिसतं, त्यामागे बारा बोअरचं काडतूस बसतं, आणि चाप दाबला की नळी फुटते, पुढच्या हातापाशीच. वीस बोअरच्या काडतुसांचं कवच पिवळं ठेवायची रीत याचसाठी पडली. दोन्ही बोअर घरात असतील तर ती एका खिशात, एका पिशवीत, एका डब्यात कधीही येऊ देऊ नका.

पहिलं उडतं, दुसरं येत नाही

हा भरण्याचा दोष नाही, पण लोक तो भरण्याचाच समजतात. सेमी-ऑटोला बोल्ट मागे ढकलायला बारातूनच ताकद मिळते: काहींत नळीतल्या वायूनं, काहींत धक्क्यानं. हलक्या बारानं ताकद पुरत नाही. ट्रॅप-स्कीटच्या काडतुसांत 24 ग्रॅम छर्रे असतात. बऱ्याच बंदुका त्यावर अडखळतात, 28 किंवा 32 ग्रॅमवर सुरळीत चालतात. म्हणून बंदूक उघडण्याआधी बार बदलून पाहा.

वायूवर चालणारी असेल तर नळीखालची वायूची भोकं काजळीनं बुजतात. रेमिंग्टन 1100 मध्ये मॅगझिनच्या नळीवर एक रबरी कडं असतं, ते चिरलं की वायू गळतो. दहा मिनिटांत बदलता येतं, दोन जादा घरात ठेवा. धक्क्यावर चालणारी असेल तर खांदा पाहा. दस्ता खांद्यात घट्ट नसेल, बंदूक सैल धरली असेल, तर यंत्रणेला टेकाच मिळत नाही. नवशिक्याच्या हातात अडणारी बंदूक जाणत्याच्या हातात चालते, ती यामुळे.

जुन्या ब्राउनिंग ऑटो-5 ची गोष्ट वेगळी. 1900 साली पेटंट झालेल्या या रचनेत सगळी नळीच मागे सरकते, आणि मॅगझिनच्या नळीवरची घर्षणाची कडी हलक्या व जड बारासाठी वेगळ्या क्रमानं लावावी लागतात. क्रम चुकला की हलका बार दुसरं काडतूस आणत नाही, आणि जड बार लाकूड चिरतो. नंतरच्या काही ऑटो-5 मध्ये बोल्ट उघडा असताना मॅगझिनमध्ये ढकललेलं पहिलं काडतूस आपोआप चेंबरमध्ये जातं. अंगठा तिथे असतो, हे विसरू नका.

चाप दाबला, बार झाला नाही

बंदूक खाली आणू नका, बोल्ट ओढू नका. तोंड त्याच दिशेला ठेवून किमान 30 सेकंद थांबा. बार उशिरा पेटू शकतो. मग बोल्ट उघडून काडतूस काढा आणि बुडाकडे पाहा. प्रायमरवर खोल ठसा असेल तर काडतूस खराब. उथळ असेल तर फायरिंग पिनेच्या वाटेत घाण आहे किंवा बोल्ट पूर्ण बंद नव्हता. ठसाच नसेल तर बोल्ट तरी अर्धवट, नाहीतर पिन तुटलेली.

नेहमीच्या धडाक्याऐवजी ‘फुस्स’ असा दबका आवाज आला तर तिथेच थांबा. नळीत वॅड (काडतुसातला छर्‍यांमागचा बोळा) अडकलेला असू शकतो. बंदूक पूर्ण रिकामी करा, नळी काढा, मागच्या बाजूनं आरपार उजेड पाहा. उजेड दिसल्याशिवाय दुसरं काडतूस नाही.

रिकामी करताना

बोल्ट पुन्हा पुन्हा ओढून एकेक काडतूस बाहेर फेकणं सर्वांत वाईट. प्रत्येक काडतूस चेंबरमधून जातं. आधी बोल्ट उघडून चेंबरचं काढा. मग बंदूक उलटी करून लिफ्टर दाबा, अडणी बोटानं बाजूला करा. काडतूस तळहातावर येतं. तसंच एकेक काढा. भरताना मोजलं असेल तेवढंच बाहेर यायला हवं: चार अधिक एक, तर पाच. त्यानंतर डोळ्यांनी पाहा आणि करंगळीनंही चाचपा, तीन जागा: चेंबर, लिफ्टर, मॅगझिनचं तोंड. मॅगझिनच्या तोंडाशी फॉलोअर दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर आत काहीतरी आहे. दोन-नळीच्या सवयीचा माणूस चेंबर पाहून थांबतो, म्हणून हे तीन शब्द बोलून करा.

सराव खोट्या काडतुसांवर करा, वेगळ्या रंगाच्या, बाजारात मिळणाऱ्या. उडालेली टोपणं चालत नाहीत. तोंड उलगडल्यामुळे ती लांब झालेली असतात आणि लिफ्टरवर अडतात, मग दोष बंदुकीला लागतो. सरावाच्या खोलीत खरं काडतूस नको, शेजारच्या खोलीतही कुलपात असावं.

परवान्याबद्दल दोन ओळी

शस्त्र नियम 2016 मध्ये सेमी-ऑटोमॅटिकची वर्गवारी साध्या बारा बोअरपेक्षा वेगळी आहे. पीकसंरक्षणासाठी मिळालेल्या एक-नळी, दोन-नळीच्या परवान्यावर ती घेता येत नाही, आणि ओळखीच्याची ‘जरा शिकायला’ म्हणून घरी आणणंही बसत नाही. परवान्यावर क्षेत्राचाही रकाना असतो. तिथे फक्त कर्नाटक लिहिलं असेल तर चंदगडच्या पाहुण्यांकडे किंवा चोर्ला घाटानं गोव्याला बंदूक नेता येत नाही. आपल्याकडे शिवारं आणि सोयरिकी सीमेच्या दोन्हीकडे आहेत, म्हणून हा रकाना आधी वाचून घ्या.

दुकानात केव्हा न्यायची

अडणी झिजून एकाच वेळी दोन काडतुसं लिफ्टरवर येत असतील, मॅगझिनच्या नळीला बाहेरून पोचा पडला असेल, सेफ्टी लावूनही चाप हलत असेल, किंवा बोल्ट बंद झाल्यावर त्याच्या आणि नळीच्या मध्ये फट दिसत असेल, तर घरी कानस घेऊन बसू नका. रिकामी करून, म्यानात घालून, परवान्यासह परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. सोबत तीच काडतुसं न्या, ज्यांच्यावर बंदूक अडते. दुकानातल्या नव्या काडतुसांवर ती बरेचदा अडतच नाही आणि तशीच परत येते. काडतुसाची लांबी, छर्‍यांचं वजन आणि कितव्या बाराला अडलं, हे एका कागदावर लिहून द्या.